नव्या शाळेची मान्यता: मोजायचे कोणाला?

महाराष्ट्रात नवी प्राथमिक शाळा कुठे काढायची हे ठरवताना सरकार मुख्यतः दोन गोष्टी पाहते. जवळची शाळा किती लांब आहे आणि वस्तीत मुले किती आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि त्याखालचे राज्याचे नियम २०११ मध्ये आले. या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. प्राथमिक शाळेसाठी मात्र ६ ते ११ वयोगटातली किमान २० मुले तिथे उपलब्ध आणि शाळेत यायला राजी असावी लागतात. नियम सोपा आहे, सर्वांना सारखा आहे, आणि तसा नियम असणे नसण्यापेक्षा कितीतरी चांगले. तरीही त्याच्या पोटात एक निवड दडलेली आहे आणि ती निवड हाच या पुस्तकाचा विषय आहे. सरकार जी मुले दिसतात, जी यायला तयार आहेत, ज्यांच्या वतीने कुणी अर्ज करतो, त्यांची मोजणी करते. जी मुले शाळेत नाहीत त्यांची मोजणी आधी झाली पाहिजे, शाळेची जागा त्या मोजणीतून ठरली पाहिजे आणि मान्यतेची फाइल त्यानंतर उघडली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारचा पैसा कुणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे विचारले. शेतकऱ्यांच्या घामातून जमणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि तो भरणाऱ्यांच्या मुलांना साधी प्राथमिक शाळा मिळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. त्यात सक्ती कुठे लागू करावी याची एक अट होती: जिथे मुलग्यांपैकी ३३ टक्के आधीच शाळेत जातात तिथे. गोखल्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खर्चाच्या नावाने बिचकणाऱ्या सरकारला राजी करण्यासाठी त्यांनी मागणी मुद्दाम माफक ठेवली होती, आणि तरीही त्यांचे १९११ चे विधेयक पुढल्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पण अटीमागचा तर्क नीट पाहिला पाहिजे. जिथे शाळेची सवय रुजली आहे तिथे कायदा आधी जाणार आणि जिथे एकही मूल शाळेत जात नाही तो मुलूख रांगेत शेवटी उभा राहणार. त्याच काळात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. दंड आकारायचा तर आधी शाळा दाराशी न्यावी लागते. म्हणजे तिथली गणना संस्थानातल्या झाडून सगळ्या मुलांपासून सुरू होत होती, आणि कर्तव्याचे पहिले ओझे दरबाराने स्वतःवर घेतले होते.

स्वातंत्र्यानंतर या दोन तर्कांची सरमिसळ झाली. १९५७ मध्ये पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण झाले. गाव हा घटक मोडून त्यात वस्ती हा घटक धरला गेला, कारण महसुली गावात शाळा असली तरी त्याच गावाच्या चार वाड्या डोंगरापलीकडे असू शकतात. हे फार मोठे पाऊल होते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात प्रत्येक मुलाच्या घरापासून साधारण एक मैलावर प्राथमिक शाळा असावी असे म्हटले. आजचा एक किलोमीटर हा त्याच विचाराचा वारस आहे. पण अंतराचा निकष जसजसा नियमांत स्थिरावला, तसतसा त्याचा उपयोग बदलत गेला. ते अंतर सरकारने पार करायचे होते. कागदावर मात्र ते नकार देण्याचे साधन झाले: एक किलोमीटरच्या आत शाळा आहे, सबब प्रस्ताव नामंजूर. मधला ओढा श्रावणात दुथडी भरून वाहतो, वाट जंगलातून जाते, सहा वर्षांची मुलगी एकटी तिथून चालू शकत नाही, हे त्या नकारात कुठेच येत नाही. केंद्राच्या आदर्श नियमांनी तर याची स्पष्ट तरतूद केली आहे. त्यात अंतर चालण्याचे धरले आहे, आणि दरड, पूर, रस्त्याचा अभाव किंवा लहान मुलांना धोका असेल तिथे ही मर्यादा आणखी कमी करावी असे म्हटले आहे. सातपुड्यातला पाडा, कोकणातली वाडी आणि गडचिरोलीतले टोले यांच्यासाठी हे वाक्य लिहिलेले आहे. ते किती प्रस्तावांत वापरले जाते, हे प्रत्येक जिल्ह्याने स्वतःला विचारावे.

गैरहजर मुलांपासून सुरुवात केली तर काय होते, याचे सर्वात मोठे उदाहरण इंडोनेशियाचे आहे. तेलाच्या पैशाची आवक वाढलेली असताना त्या सरकारने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. शाळांच्या संख्येइतकाच वाटपाचा नियमही महत्त्वाचा होता. कोणत्या जिल्ह्याला किती शाळा द्यायच्या, हे १९७२ मध्ये त्या जिल्ह्यात शाळेबाहेर असलेल्या मुलांच्या संख्येच्या प्रमाणात ठरले. अर्थशास्त्रज्ञ एस्तेर डुफ्लो यांनी या मोहिमेचा अभ्यास केला तेव्हा दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की त्या पिढीचे सरासरी शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढले आणि मोठेपणीची मजुरीही वाढली, असे आढळले. एका शाळेमागे हा आकडा लहान वाटेल, पण पिढीच्या पिढीला लागू होणारा तो सरासरीचा आकडा आहे. दुसरा पुरावा अफगाणिस्तानच्या घोर प्रांतातला. तिथे ३१ गावांतल्या १,४९० मुलांवर झालेल्या अभ्यासात, गावातच शाळा सुरू झाल्यावर पटावरच्या मुलांचे प्रमाण ४२ टक्के बिंदूंनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातली २१ टक्के बिंदूंची दरी पार बुजली. मुलींना शिकवायचे नाही ही तिथली रूढी आहे, असे जे समजले जात होते, त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात अंतराचा होता. पालक राजी आहेत का, हा प्रश्न शाळा दूर असताना विचारला तर एक उत्तर येते आणि शाळा जवळ आली की दुसरे. म्हणून मुलांची तयारी ही मान्यतेची पूर्वअट ठरवणे मला मान्य नाही. जो परिणाम शाळा सुरू झाल्यावर दिसणार, तो शाळेआधी सिद्ध करून दाखवा, असे म्हणण्यासारखे ते आहे.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशाने १ जानेवारी १९९७ पासून जी शिक्षण हमी योजना राबवली तिची गोष्ट अधिक सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तिथे मान्यतेची रीतच उलटी केली गेली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत ४० मुले असतील, आदिवासी भागात २५ असतील, तर गावकऱ्यांनी मुलांची नावे लिहून मागणी करायची आणि सरकारने ९० दिवसांत शाळा द्यायची. अर्ज करणारा संस्थाचालक नव्हता, खुद्द मुलांचे आईबाप होते. मुदत नागरिकावर नव्हती, शासनावर होती. काही वर्षांतच अशा २० हजारांहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. ज्या वस्त्या सरकारी यादीत नव्हत्याच, त्या या मागणीतून पहिल्यांदा कागदावर आल्या. पण या योजनेची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तिथे शिकवणाऱ्या गुरुजींना सुरुवातीला दरमहा ५०० रुपये मिळत, पुरेसे प्रशिक्षण नसे, इमारत नसे. महाराष्ट्रातल्या वस्तीशाळांचेही तेच झाले. तांडे, वाड्या, धनगरवाडे यांच्यापर्यंत शाळा पोहोचली ती गावातल्याच शिकलेल्या तरुणांच्या अल्प मानधनावर, आणि त्या निमशिक्षकांना नियमित शिक्षकाचा दर्जा मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. मागणी झटपट मान्य करायची आणि गरिबांची शाळा स्वस्तात भागवायची, ही तडजोड मुलांच्या वाट्याला आली. त्यावरून योजनेचा पाया चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. शाळा कुठे हवी हे तिने अचूक सांगितले. त्या शाळेत काय हवे, याचे उत्तर पुढे २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीने दिले: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पक्की इमारत, पाणी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे. या दोन गोष्टी एकत्र कधी आल्या नाहीत, हे आपले खरे नुकसान आहे.

आज महाराष्ट्रात नव्या प्राथमिक शाळेला दोन दारे आहेत. एका दाराने जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका शाळा काढतात. तिथे कलम ६ प्रमाणे शाळा देणे हे शासनाचे आणि स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दुसरे दार २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाचे. तिथे संस्था अर्ज करते, जागा, इमारत आणि आर्थिक कुवत दाखवते, इरादापत्र घेते आणि मग अंतिम मान्यता मिळवते. पहिल्या दाराने फाइल क्वचित येते, कारण तिला पुढे रेटणारा कुणी नसतो. दुसऱ्या दाराशी गर्दी असते. अर्जदाराचा हेतू चांगला असू शकतो, पुष्कळदा असतोही, पण तो अर्ज जिथे फी देणारे पालक आहेत त्याच जागेसाठी येणार. परिणामी वाढत्या शहराच्या एका रस्त्यावर चार शाळा होतात आणि वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांच्या आसपास एकही होत नाही. केरळने १९५९ च्या शिक्षण नियमांत याला निराळे उत्तर शोधले. तिथे शिक्षण खात्याने नव्या शाळेची गरज असलेल्या ठिकाणांची यादी आधी प्रसिद्ध करायची, तिच्यावर हरकती मागवायच्या, यादी पक्की करायची आणि मगच त्या ठिकाणांसाठी अर्ज घ्यायचे, असा क्रम आहे. हा क्रम टाळून दिलेल्या मान्यतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा, २००७ मध्ये, न्यायालयाने ही कार्यपद्धती पाळलीच पाहिजे असे ठरवले. केरळमध्ये या नियमाला वळसा घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पण वळसा घातला गेला हे दाखवता येते, कारण सरळ वाट कोणती ते छापलेले आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एखादी संस्था स्वतःच्या पैशाने शाळा काढत असेल तर सरकारने गरज तपासायचे कारण काय. पालकांना नको असेल तर शाळा आपोआप बंद पडेल. हा युक्तिवाद शाळा एकमेकींपासून सुट्या आहेत असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात नव्या शाळेत गेलेली १५ मुले जुन्या शाळेच्या पटातून वजा होतात. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षकाचे पद जाते, शिक्षक गेला की आणखी पालक मूल काढून घेतात, आणि शेवटी ज्यांना फी परवडत नाही त्यांची मुले एका शिक्षकाच्या हवाली राहतात. त्यांच्या वाट्याला निवड येतच नाही. शिवाय सरकारला खर्च नाही, हेही खरे ठरलेले नाही. महाराष्ट्राने आधी ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना मान्यता दिल्या, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द काढला, आणि नंतर टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याची वेळ आली. मधली वर्षे त्या शाळांतल्या शिक्षकांनी पगाराविना किंवा तुटपुंज्या पैशावर काढली आणि आझाद मैदानावर आंदोलने केली. गरज न तपासता दिलेल्या मान्यतेची किंमत कुणीतरी चुकवतेच.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो मी पूर्णपणे मानतो. गरज तपासण्याचा अधिकार म्हणजे अडवण्याचा अधिकार. आराखडा तयार होतो आहे, असे सांगत प्रस्ताव वर्षानुवर्षे धूळ खात ठेवता येतात, जुन्या संस्था नव्या शाळेविरुद्ध हरकती घेऊन आपला पट राखू शकतात, आणि टेबलावरून टेबलाकडे जाणाऱ्या फाइलीला पैशाचे वंगण लागते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांना नव्या शाळा कुठे हव्यात हे ठरवणाऱ्या बृहत् आराखड्याचे कारण देऊन मान्यता रोखल्याची तक्रार मराठीप्रेमींनी सातत्याने केली, ती उगाच नव्हती. मात्र यावरचा उपाय गरजेचा निकष काढून टाकणे हा नाही. तो निकष अधिकाऱ्याच्या कपाटातून काढून गावासमोर ठेवणे हा आहे. यादी प्रसिद्ध असावी, तिच्यात वस्ती, मुलांची संख्या, चालण्याचे अंतर आणि वाटेतले अडथळे लिहिलेले असावेत, निर्णयाला मुदत असावी, आणि नकार दिला तर त्याची लेखी कारणे त्याच ठिकाणी लागावीत. ९० दिवसांची मुदत गरीब मध्य प्रदेशाला पाळायचे ठरवता आले, तर महाराष्ट्राला जमू नये असे काही नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. दहा मुलांसाठी दोन शिक्षक आणि एक इमारत कशी परवडणार, असे विचारले जाते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला तो याच विचाराने. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आली. तेव्हा अशा शाळा १४ हजारांहून अधिक आणि त्यांतली मुले सुमारे पावणेदोन ते दोन लाख असल्याचे सांगितले गेले. फार लहान शाळेत मुलाला सोबती मिळत नाहीत, एकाच शिक्षकाला चार-पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात, हे खरे आहे. जिथे वाट सुरक्षित आहे, वाहन रोज आणि वेळेवर येते, आणि शाळा व्यवस्थापन समिती राजी आहे, तिथे दोन शाळा एक झाल्या तर मी विरोध करणार नाही. पण पहिलीतल्या मुलासाठी जीपची सोय आणि सातवीतल्या मुलासाठी जीपची सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नियमांनी पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर असा फरक उगाच केलेला नाही. शिवाय पट हा आकडा किती भरवशाचा, हेही आपण अनुभवले आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. अनुदान आणि पदे ज्या आकड्यावर मिळतात तो आकडा फुगतो, आणि ज्या मुलांच्या नावावर काहीच मिळत नाही ती शाळाबाह्य मुले सर्वेक्षणांत कमी भरतात. बंद करण्याचा निर्णय अशा आकड्यावर घ्यायचा आणि उघडण्याचा निर्णय मात्र अर्ज आल्यावर घ्यायचा, ही दोन मापे आहेत. शाळा बंद करताना त्या जागी आज शाळा नसती तर आपण ती काढली असती का, हाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि उत्तर होय असेल तर पट कमी का झाला याचा शोध घेतला पाहिजे.

लोकसंख्येचा दाखलाही दिला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आढळला, मुले कमी होत आहेत, मग नव्या शाळा कशाला? सरासरीला पाय नसतात, मुलांना असतात. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. तिथली वस्ती काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली आणि शाळा गावाच्या मापाच्याच राहिल्या. वसई-विरार, पनवेल, हिंजवडी यांच्या भोवताली हेच चित्र आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या हंगामात बाहेर पडणारी मुले तर ना गावच्या पटात नीट असतात ना कारखान्याच्या तळावर. राज्यात शाळा जास्त आहेत आणि राज्यात शाळा कमी आहेत, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि म्हणूनच नकाशा लागतो.

अंतराचा नियम कुणाच्या बाजूने वापरायचा, हे अलीकडेच न्यायालयात पोहोचले. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब व वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला हा बदल रद्द केला. मुलाला शाळा जवळ मिळावी म्हणून आखलेले एक किलोमीटरचे वर्तुळ त्याच मुलाला दुसऱ्या शाळेच्या दारातून परत पाठवण्यासाठी वापरले गेले होते.

पुढच्या प्रकरणांत मान्यतेचे कायदे, फायलींचा प्रवास आणि निरनिराळ्या राज्यांचे नियम येतील. ती वाचण्याआधी वाचकांना एक विनंती. २००९ च्या कायद्याच्या कलम ९ ने आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणावर सोपवले आहे. म्हणजे गैरहजर मुलांची यादी करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या ग्रामसभेत किंवा प्रभाग समितीत ही नोंदवही मागा, शाळेच्या हजेरीपटाशी ती ताडून पाहा, आणि जी नावे नोंदवहीत आहेत पण हजेरीपटात नाहीत, ती मुले कुठे राहतात हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा.